नाकातून पेज

वळ गावात लडकू आणि मी म्हणजे दोन अवलादी. एकदा त्यानं मी मेल्याचा निरोप माझ्या सासुरवाडीला धाडला. अंबाडीवरनं टेम्पो भरून माणसं रडत आली, तर मी ओट्यावर बसून बोंबील भाजत होतो.

दोन हजार सहा साली गोडाऊनवर ट्रेलर रिव्हर्स येताना लडकू मागं माल उतरवायच्या फलाटाला दाबला गेला. ते गोडाऊन पण त्याच्याच बापाच्या शेतात उभं राहिलेलं. भिवंडीतल्या एका हॉस्पिटलात, आयसीयूत टाकला. मांडी मोडलेली, बरगड्या गेलेल्या, डोक्याला मार. श्वास चालू, डोळे बंद.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं आम्हाला बोलावलं. तरुण पोरगाच होता. नाकातून पोटापर्यंत नळी घालायची आणि आजपासनं जेवण सुरू करायचं, म्हणाला. पेज, डाळीचं पाणी, दूध, अंडं, सगळं मिक्सरला फिरवून, गाळून घरून आणा. मी म्हटलं, सलाईन लावलंय की.

"सलाईन म्हणजे पाणी," तो म्हणाला. "एवढा मार बसलेलं शरीर उपाशी ठेवलं तर ते स्वतःचंच मांस खातं. मग जखमा भरायच्या कशानं?"

लडकूची बायको कमळा डबा आणायला तिथनंच निघाली. पण त्याची आई, आमची धोंडूकाकी, आयसीयूच्या दारात फतकल मारून बसली. नळी घालायची न्हाय म्हणजे न्हाय. सगळ्यांना वाटलं, पोराला दुखेल म्हणून घाबरली. मी शेजारी जाऊन बसलो.

"दाम्या, डोळे मिटलेल्या माणसाच्या आत पाणी कवा सोडतात रं?"

तिचा नवरा गेला तेव्हा मी तिथंच उभा होतो. तुळशीचं पान घालून तिनंच चमच्यानं पाणी सोडलं. पाणी घशाखाली उतरलं आणि काकाची मान कलली. तेव्हापासनं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की त्या पाण्यानंच नेला.

"त्यो सोता मागंल तवा दीन," ती म्हणाली. "त्याच्या आधी थेंब जानार न्हाय."

डॉक्टरनं समजावलं, भावकीनं समजावलं. कमळा सकाळ-संध्याकाळ डबा आणायची आणि तसाच परत न्यायची. लडकूची गालफडं बसली. दंडावरचा ताईत घसरून कोपरापाशी आला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, असंच चाललं तर हा माणूस मारानं न्हाय, उपासानं जाईल.

मी म्हटलं, "मला घाला नळी. म्हातारीच्या समोर."

डोक्याला मार मलाच लागलाय असं बघितलं त्यानं. पण लडकू त्याच्याही हातातनं चालला होता. त्यानं हातमोजे चढवले.

मस्करीची गोष्ट न्हाय ती. नाकात मिरची कोंबल्यासारखं झोंबतं, डोळ्यांतनं धारा लागतात, आणि तो वरनं सांगतो, गिळा, गिळा. नळी बसली. मी भिंतीला टेकून डोळे मिटले. डॉक्टरनं पेजेनं भरलेली मोठी सिरिंज काकीच्या हातात दिली. ती काय हात उचलेना. तेव्हा सासूसमोर कधी आवाज न केलेली कमळा बोलली.

"ओता, आई. ह्यो मेला तर गावाची पीडा तरी जाईल."

पेज उतरली. तोंडाला चव कसलीच न्हाय, नुसतं पोटात कोमट लागलं. आता माझी खोड. मी मान टाकली, जीभ बाहेर काढली.

काही आवाजच येईना. मी एक डोळा किलकिला केला. काकी पांढरीफटक, हात तसाच वर. मग जी कानफटात बसली, नळी अर्धी बाहेर आली. कमळा भिंतीकडं तोंड करून हलत होती, रडत होती की हसत होती कोण जाणे.

"मेला न्हाईस," काकी म्हणाली.

"न्हाय."

"पोटात गेली?"

"गेली. मीठ कमी हाय."

ती उठली आणि आत गेली.

लडकूला पहिली पेज तिनंच घातली. थोडी थोडी, डॉक्टर सांगेल तशी. दर वेळी "जेव, बाला" म्हणायची. पण आधी पेलाभर मला पाजायची, घटकाभर माझ्या तोंडाकडं बघत राहायची, मगच त्याला. लडकूचं वाळणं थांबलं. मी मात्र फुगलो.

जखमा भरल्या. पाय वाकडा जुळला. डोळे पण उघडले एकदाचे, पण त्या डोळ्यांत कोणी नव्हतं. हाक न्हाय, ओळख न्हाय. जीव वाचला, डोक्याचं सांगता येत नाही, एवढंच डॉक्टर म्हणाला.

नळी काढून त्याला घरी आणला. ओट्यावर उशीला टेकवून बसवला. काकीनं वाटीत पेज आणली, फुंकर मारून चमचा त्याच्या तोंडाजवळ नेला. लडकूनं तोंड घट्ट मिटलं, हळूच मान वर केली आणि नाक पुढं केलं.

चमचा हवेतच राहिला. कमळा आत निघून गेली.

मला हसू फुटलं. मग आमची खूण आठवली. मस्करी चालू असली की डावा डोळा जरा बारीक करायचा, दुसऱ्यानं ओळखायचं. मी वाकून त्याच्या डोळ्यात बघत राहिलो, पेज गार होईपर्यंत. डोळा काय हलला न्हाय. मग काकीनं बोटानं त्याचे ओठ उघडले.

पेजेच्या वेळेला मी अजून जातो. तो अजून नाकच पुढं करतो. काकी ओठ उघडते, आणि मी त्याचा डावा डोळा बघत बसतो.