सल्ल्यांनी भरलेला फ्रीज

दार जरा लावून घ्या, गारवा फुकट चाललाय. हं, आता सांगतो. मी फ्रीज बोलतोय. केस कापायच्या एका दुकानामागच्या खोलीत माझं सगळं आयुष्य गेलं.

जन्म अर्थातच कारखान्यातला. पत्र्याच्या भिंतींमध्ये कसलासा फेस भरला, तो फुगून घट्ट झाला आणि मला अंग आलं. मग एका यंत्राने माझं दार उघड-मीट, उघड-मीट करून पाहिलं. तेव्हा वाटलं होतं, हे काय खूळ! माणसांच्या घरी आलो आणि कळलं, यंत्राने उगाच छळलं नव्हतं. माणसं भूक लागली की दार उघडतात, कंटाळा आला की उघडतात, भांडण झालं की उघडतात. आणि मघाशी पाहिलं त्यात काही बदल झालाय का, हे बघायला पुन्हा उघडतात.

मला आणलं ते नव्या संसारात. पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर, मध्ये नुसता पडदा. पुढे मालकांची कात्री चालायची, मागे मालकीणबाईंचं शिवणयंत्र. त्यांच्या लेकीची दुधाची बाटली माझ्याच दारात असायची. बघता बघता ती कॉलेजात जायला लागली.

मालकांचा हात फार हलका. दाढी कधी झाली ते गिऱ्हाइकाला कळायचं नाही. पण त्यांचे कानही हलकेच होते. खुर्चीत बसलेल्या माणसाचं डोकं दुसऱ्याच्या हातात असतं, मोकळं असतं ते फक्त तोंड. मग तो बोलतो. आणि बोलून बोलून काय बोलणार? काय खावं आणि काय खाऊ नये. पडद्यापलीकडून दुपारी जो सल्ला ऐकू यायचा, तो संध्याकाळी पिशवीतून माझ्या पोटात यायचा.

एक विमा एजंट यायचे. ते म्हणाले, अंड्याचा पिवळा बलक म्हणजे विष. झालं, घरात पांढरं तेवढं खायचं ठरलं. मालकीणबाई बलक वाटीत काढून मागच्या दारी मांजरीला घालायच्या. मांजर चांगली गुटगुटीत झाली, अंगावर तकाकी आली. विषबाधेचं काही लक्षण दिसेना.

मग कुणीतरी पांढरा ब्रेड बंद करून तपकिरी आणायला सांगितला. लेकीने पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली आणि कपाळाला हात लावला. "बाबा, हा मैदाच आहे हो. वरून रंग दिलाय."

"रंग तरी चांगला आहे ना," मालक म्हणाले आणि दुसरा तुकडा उचलला.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग मालकांना मधुमेह निघाला.

गल्लीच्या तोंडाशी डॉक्टरबाईंचा दवाखाना होता. त्यांनी गोळ्या दिल्या, जेवणाच्या वेळा चुकवू नका म्हणून बजावलं आणि आहारतज्ज्ञ बाईंना भेटून या म्हणाल्या. गोळ्या आल्या. आहारतज्ज्ञांकडे जाणं राहून गेलं. "त्या काय वेगळं सांगणार? इथे बसल्याबसल्या सगळं कळतंय की!"

खुर्चीतून पहिला सल्ला आला फळांच्या रसाचा. रस नैसर्गिक, तो कसा बाधेल? मालक रोज मोठा पेला भरून रस प्यायचे आणि राहिलेला माझ्यात ठेवायचे. पुढच्या तपासणीत साखर उतरायच्या ऐवजी चढलेली निघाली. मालक घाबरले. नेमका तेव्हाच व्यायामशाळेतला एक दांडगा माणूस दाढीला आला. त्याला सगळे पैलवान म्हणायचे.

"भात, ब्रेड, बटाटा, फळं, सगळं तोडून टाका," पैलवान म्हणाला. "एक वेळचं जेवणच सोडा. महिन्यात फरक दिसतो की नाही बघा."

त्या संध्याकाळी माझे कप्पे रिकामे झाले. उरल्या काकड्या, कोबी आणि लिंबं. गोळी मात्र मालक नियमाने घेत राहिले. डॉक्टरांनी दिलेली गोळीही पाळायची आणि गिऱ्हाइकांचा सल्लाही. कुणाचंच मन मोडायचं नाही, असा तो माणूस.

फरक दिसला. पॅन्ट ढगळ झाली, गाल बसले. येईल तो म्हणायचा, "वा, काय बारीक झालात!" मालक खूश व्हायचे. पण माझ्यासमोर उभे राहायचे ना, तेव्हा दार धरलेला तो हलका हात मला वेगळाच लागायचा. घामट, थरथरता. घरात चिडचिड वाढली होती. लेकीने सफरचंद कापलं तरी त्यांचा पारा चढायचा.

"अहो, दोन घास तरी खा," मालकीणबाई म्हणायच्या.

"तूच माझी वैरीण आहेस," ते म्हणाले एकदा.  त्या दिवशी शिवणयंत्र बराच वेळ बंद राहिलं.

आणि एका दुपारी ते घडलं. खुर्चीत हेडमास्तर होते, जुनं गिऱ्हाईक. चेहऱ्याला फेस लावलेला, मान मागे टाकलेली. अचानक त्यांचा आवाज आला, "अरे, अरे!" वस्तरा हनुवटीखाली लागला होता. थोडक्यात निभावलं, पण रक्त आलं. मालक पडदा सारून आत आले. त्यांनी माझं दार उघडलं आणि नुसते बघत राहिले. "मला काय हवं होतं?" असं काहीसं पुटपुटले. घामाने सदरा चिंब झाला होता. मग गुडघे दुमडले आणि ते माझ्या पायाशी बसलेच.

मालकीणबाई धावत आल्या. लेकीने साखरेचा डबा उघडला.

"साखर नको!" मालकीणबाई ओरडल्या. "त्यांना साखरेचा आजार आहे गं!"

चमचा हातात धरून लेक तशीच उभी राहिली. माझं दार उघडंच होतं. माझा दिवा त्यांच्या पांढऱ्याफटक चेहऱ्यावर पडला होता आणि मला दिव्याखेरीज काहीच देता येत नव्हतं.

मागोमाग आत आलेल्या हेडमास्तरांनी तोंडावरच्या फेसासकट डॉक्टरबाईंना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला. "शुद्धीवर आहेत का? गिळता येतंय?" पलीकडून विचारलं. हो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग साखरेचं पाणी द्या, लगेच! घोटघोट. मी निघालेच."

लेकीने पेला ओठांना लावला. एक घोट, दुसरा घोट. थोड्या वेळाने मालकांनी मान उचलली आणि विचारलं, "हेडमास्तरांची दाढी अर्धी राहिली का?"

मालकीणबाई रडता रडता हसल्या.

डॉक्टरबाई आल्या, बोटातलं रक्त तपासलं, आधी काहीतरी पोटभरीचं खायला लावलं. मग माझ्यात डोकावल्या. "गोळी साखर उतरवते आणि तुम्ही पोट रिकामं ठेवलंत. रक्तात उरणार काय? हे सगळं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"गिऱ्हाइकांनी."

"आणि मी सांगितलेलं?"

मालक खाली बघत म्हणाले, "तुम्ही एकदाच सांगितलंत हो. ते रोज सांगतात."

 डॉक्टरबाईंनी तिथूनच फोन करून आहारतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली.

तिकडून परत आल्यावर मालक टेबलाशी बसून लेकीला सगळं सांगत होते, ते मीही ऐकलं. त्या बाईंनी म्हणे पहिलाच प्रश्न केला, तुम्हाला आवडतं काय? इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मालक चोरट्यासारखे म्हणाले, भात. त्या म्हणाल्या, मग खा की! अर्धं ताट भाजी, पाव ताट डाळ, अंडं किंवा मासा, आणि राहिलेल्या पाव ताटात भात. बलक फेकायचं कारण नाही. फळ चावून खा, रस काढला की चोथा जातो आणि साखर झरझर चढते. गोळी घेतली की जेवण टाळायचं नाही. आणि बारीक होणं म्हणजे बरं होणं नव्हे.

"एवढं साधं?" लेक म्हणाली.

"साधं आहे म्हणून तर कुणी सांगत नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "सांगण्यात मजा काय?"

मालकांनी बरेच दिवस वस्तरा हातात घेतला नाही. केस कापायचे, दाढीला नाही म्हणायचे. मग एका सकाळी हेडमास्तर आले, खुर्चीत बसले आणि मान मागे टाकली. पडद्यापलीकडे मालकांनी वाटीत फेस घोटायला घेतला. मग वस्तऱ्याचा तो ओळखीचा खरखर आवाज आला. सावकाश, एकसारखा.

सल्ले काही थांबले नाहीत. मालक ऐकून घेतात, "असं का?" म्हणतात आणि मान वळवायला सांगतात.

आता मी म्हातारा झालोय. दाराचं रबर सैल पडलंय, दूध नासतंय. मेकॅनिकने पाहिलं आणि आता दुरुस्तीत अर्थ नाही म्हणून सांगितलं. आज माझ्या जागी दुसरा येणार आहे. तुम्हा सगळ्यांना एकच विनवणी. आमचं दार उघडाल तेव्हा भीती बाहेर ठेवा. खाणं काही शत्रू नाही. शंका आली तर जाणत्याला विचारा, एकदा सांगून समजलं नाही तर पुन्हा विचारा.

मला रिकामं करायचं म्हणून आतलं सगळं टेबलावर मांडलंय. कालची डाळ, थोडा भात, अंडी, अर्धं कलिंगड. तिघं जेवायला बसलीत. मालकीणबाई वाढताहेत, आणि मालक हात आडवा धरून म्हणताहेत, "पुरे, एवढाच." लेकीने उठून माझी पिन काढली. माझी घरघर थांबली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या चमच्यांचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.