श्याहौच्या दरीतला धूर

सम्राटांना सगळ्या राज्याचा नकाशा हवा होता, आणि तो काढायला परदेशी पाद्री नेमले होते. त्यातला एक तिसऱ्या महिन्याच्या शेवटी आमच्या शान्शी प्रांतात, आमच्या जिल्ह्यात आला. आमच्या जिल्हाधिकाऱ्यांनी मला बोलावलं.

"तुंग, तुझं अक्षर बरं आहे. तो कुठं जातो, कुणाशी बोलतो, कुठं बघतो, रोज लिहून मला द्यायचं. काही गाळायचं नाही. उद्या वरून विचारणा झाली तर माझ्या हातात कागद हवा."

पाद्रीला आपल्याकडचं नाव दिलेलं होतं, मू. उंच, तांबूस दाढीचा. आमची भाषा बोलायचा, पण राजधानीतल्या लोकांसारखी, तोलून मापून. दोन गडी गाठी मारलेली दोरी ओढत पुढं जायचे, हा मागून आकडे मांडायचा. दुपारी पितळी यंत्रातून सूर्य बघायचा. जेवायला बसला की आमच्यासारखीच बाजरीची पेज आणि वर आंबट शिरका. मला त्याचा काही अंदाज येईना. एवढा समुद्र ओलांडून माणूस दुसऱ्याच्या टेकड्या मोजायला कशाला येईल?

मी एकदा विचारलंच. "तुमच्या देशात डोंगर नाहीत का?"

"आहेत की. त्यांतले बरेच मोजून झालेत."

दोन दिवस ते उत्तर माझ्या डोक्यातून जाईना.

पाचव्या दिवशी दोरी श्याहौला पोचली. हे माझ्या बायकोचं, ग्वेइलानचं माहेर. गावामागच्या दरीत माती खारट आहे. ती माती पाण्यात कालवून, गाळून, कढईत आटवली की मीठ मिळतं. पण मीठ सरकारचं. घरी काढलं तर फटके आणि हद्दपारी. तरी जिल्ह्यातल्या निम्म्या चुलींवर श्याहौचंच मीठ होतं, माझ्याही.

ग्वेइलानचा थोरला भाऊ हौ मला विहिरीपाशी गाठून म्हणाला, "दाजी, हा लांबनाक्या दरीकडं जाणार नाही ना?"

"दोरी टेकडीवरनं जाते."

"दोरीचं नाही विचारत. त्याचे डोळे कुठं जातात?"

"चार दिवस भट्ट्या विझवा."

"विझवल्यात. दोन अजून धुमसताहेत."

दुसऱ्या दिवशी टेकडीवर पाद्रीनं डोळ्याला नळी लावली आणि बराच वेळ दरीकडं धरून ठेवली. मला नळीशिवायही दिसत होतं. धुराची एक बारीक रेघ सरळ वर चढत होती.

"तिकडं कोण राहतं?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही. माझ्या सासुरवाडीची थडगी आहेत. पूर्वजांसाठी कागद जाळत असतील."

त्यानं नळी खाली घेतली, माझ्याकडं पाहिलं. "थडगी," एवढंच म्हणून वहीत काहीतरी लिहिलं.

संध्याकाळी तो प्रार्थनेला अंगणात गेला तेव्हा हौ माझ्या खोलीत आला. पाद्रीची कागदांची पेटी रात्री तिथंच असायची. "पेटी उघडा."

मी उघडली. आकडे, टेकड्यांची चित्रं, आणि दरीच्या खुणेशेजारी त्याच्या लिपीत एक ओळ. आम्हाला एक अक्षर कळेना.

"आपली नावं असणार यात," हौ म्हणाला.

पाद्री दारात उभा होता. केव्हा आला, कळलंच नाही. तो चिडला नाही. आत आला, वही हातात घेतली आणि ती ओळ आमच्या भाषेत वाचून दाखवली, "'इथं थडगी आहेत, असं कारकून सांगतो.'" मग पेटी बंद करत म्हणाला, "नकाशात नद्या येतात, डोंगर येतात, शहरं येतात. धूर येत नाही."

बाहेर पडल्यावर हौ दातओठ खात म्हणाला, "बघितलंय त्यानं. नाहीतर धुराचं नाव कशाला काढेल?"

मलाही तसंच वाटलं. त्या दिवसाच्या कागदावर मी मुद्दाम ठळक लिहिलं: परदेशी माणूस श्याहौमागच्या दरीकडं नळीतून फार वेळ बघत होता, तिथं कोण राहतं असं विचारत होता, थडगी आहेत असं सांगूनही त्यानं नोंद केली. मिठाचा शब्द काढला नाही. पाद्री हेर आहे हे वरपर्यंत कळावं, एवढंच माझ्या मनात होतं.

दोरी पुढच्या जिल्ह्यात गेली. सातव्या महिन्यात मीठखात्याचे शिपाई आले, ते कुणाला वाट न विचारता थेट दरीत उतरले. कढया फोडल्या आणि हौला बांधून नेलं. चाळीस फटके, तीन वर्षं हद्दपारी.

पाद्रीनंच घात केला, असं सगळं गाव म्हणत होतं. टेकडीवर त्यानं रोवलेला खुंट उपटून लोकांनी जाळला. बाजारात औषधं विकणारा म्हातारा फेई त्या परदेशी देवाला मानायचा. त्याचं दुकान फोडलं. तो सुनेला घेऊन कुठं निघून गेला, कुणी विचारलं नाही. दुकान फुटत होतं तेव्हा मी गर्दीत उभा होतो.

त्यानंतर चार दिवसांनी जिल्हाधिकारी चहा पिता पिता म्हणाले, "तुंग, तुझे कागद कामी आले. थडग्यांकडं कोण एवढा वेळ बघतं? मला शंका आली, माणूस पाठवून खात्री करून घेतली. मीठखात्यात आपल्या कचेरीचं नाव झालं."

घरी ग्वेइलान कणीक मळत होती. मी तिला सगळं सांगितलं.

"तुम्ही लिहिलंत?"

"पाद्रीविरुद्ध लिहिलं होतं."

"वाचणाऱ्याला ते कसं कळावं?" तिचे हात थांबले नाहीत. "दादाला सांगा. हद्दपारीला नेण्याआधी सांगा."

मी वाफवलेले पाव घेऊन तुरुंगात गेलो. हौला पाठ टेकता येत नव्हती, तो गजांना धरून उभा होता. वाटेत जे जुळवून ठेवलं होतं ते बोलायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात तोच म्हणाला, "दाजी, तो लांबनाक्या कधी भेटला तर त्याच्या तोंडावर थुंका. माझ्या नावानं."

"भेटला तर," मी म्हणालो. त्यानं पाव खाल्ला. मी तो खाईपर्यंत थांबलो आणि परत आलो.

"सांगितलंत?" ग्वेइलाननं विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. तिनं माझ्याकडं टक लावून पाहिलं आणि रिकामी टोपली घेऊन आत गेली. आजही माहेरची माणसं आली की त्यांचं बोलणं मला अंगणापर्यंत ऐकू येतं. मी उंबऱ्यात पाय ठेवला की ती हवापाण्याचं काहीतरी बोलायला लागते.