डाव्या टोकाची जागा

नानासो ठोंबरेनं रांगेतली आपली जागा बदलली, त्याला आता दोन वर्षं झाली होती. पाईप बँडचा मेजर, म्हणजे बँडचा म्होरक्या, पुढच्या रांगेत उजव्या टोकाला उभा राहतो. पलटणीत तशी रीत असते आणि ठोंबरेवाडीच्या बँडमध्येही पहिल्या दिवसापासून तेच चालत आलं होतं. पण एका रविवारी सरावाला आल्यावर नानासो सरळ डाव्या टोकाला जाऊन उभा राहिला. तिकडं ऊन डोळ्यावर येतंय, एवढंच म्हणाला. मेजरचा शब्द म्हटल्यावर कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

खरं कारण त्याच्या छातीत होतं. बॅगपाईपच्या तीन लांब नळ्या वाजवणाऱ्याच्या डाव्या खांद्यावर टेकलेल्या असतात आणि एकाच सुरात घुमत राहतात. त्या घुमवायला डाव्या काखेतली पिशवी सतत भरलेली लागते. साठी ओलांडली तसा नानासोचा दम सरत आला. विट्याच्या डॉक्टरनं फुंकणं बंद करा म्हणून सांगितलं. त्यानं फुंकणं बंद केलं नाही, तिन्ही नळ्यांना आतून बुचं मारली. मग बोटांखालच्या नळीपुरती फुंकर पुरायची. डाव्या टोकाला उभं राहिलं की त्या मुक्या नळ्यांच्या बाजूला कुणीच नसायचं. उजव्या हाताला पल्लवी नावाची पोरगी असायची, पण तिच्या कानाशी तिच्याच नळ्या घुमत असायच्या.

बँड उभा केला तो नानासोनंच, यात काही खोटं नव्हतं. अठरा वर्षं पलटणीत पाईप वाजवून तो हवालदार म्हणून माघारी आला, तेव्हा वाडीत वाजवायला बिरोबाचे ढोल तेवढे होते. मेंढरांमागं अर्धं वर्ष घाटापलीकडं काढणारी माणसं. पण ढोलावर त्यांचा हात असा बसलेला की नानासोला वाटलं, यांना फक्त सूर द्यायचा बाकी आहे. त्यानं मेरठहून चार जुने पाईप मागवले. वस्तीवरची म्हातारी माणसं हसायची, पिशवीची पिपाणी म्हणायची. एकदा पिशवी फाटली, तर त्यातल्याच एकानं बकऱ्याचं कातडं कमावून नवी शिवून दिली, ती अकरा वर्षं टिकली. ढोलवाल्यांचा म्होरक्या होता बिरदेव, नानासोचा लहानपणचा सवंगडी. त्यानं आधी स्वतः गळ्यात ड्रम अडकवला, मग भावकीतल्या पोरांच्या गळ्यात घातला, आणि पुढं आपल्या लेकीच्या हातात पाईप दिला. ती पल्लवी. वीज मंडळात लागून लोणंदला खांबावर चढायचं काम करायची आणि दर रविवारी एसटीनं सरावाला यायची. नऊ पाईपवाल्यांत तिच्यासारखा सूर कुणाचाच नव्हता, हे नानासो मनातल्या मनात जाणून होता.

गेल्या ऑगस्टात सांगलीला माजी सैनिकांचा मेळावा होता. पाहुणे म्हणून नानासोच्याच पलटणीचे निवृत्त कर्नलसाहेब येणार होते. ज्यांच्यापुढं उभ्या आयुष्यात सगळ्यांत चांगलं वाजवलं, त्यांच्यासमोर बुचं मारलेला पाईप धरायला त्याला लाज वाटली. मैदानामागं जाऊन त्यानं तिन्ही बुचं काढली आणि खिशात टाकली.

पहिल्या दोन धुना जोमात गेल्या. तिसरी संथ होती, लांबलचक सुरांची. तिच्या मध्यावर त्याचा दम तुटला. पिशवी बसली, सूर रेड्यासारखा रेकला आणि वर एक चिरका आवाज निघाला. खुर्च्यांवरच्या माणसांनी माना वर केल्या. बँड कसाबसा शेवटापर्यंत गेला. धून संपली तशी नानासोनं मान उजवीकडं वळवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पल्लवी, पाईप खाली ठेव."

तिला क्षणभर कळलंच नाही. मग तिनं पाईप काढून गवतावर ठेवला आणि उरलेल्या दोन धुना होईपर्यंत हात मागं बांधून, नजर समोर ठेवून उभी राहिली. नानासोनं त्या दोन धुना नुसती बोटं हलवून काढल्या. कार्यक्रम झाल्यावर कर्नलसाहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि शिस्त अजून जिवंत आहे म्हणून कौतुक केलं. त्या कौतुकानं त्याला बरं वाटलं. पुढं त्याला सगळ्यांत जास्त बोचत राहिलं ते हे बरं वाटणंच.

परतीच्या गाडीत पल्लवी त्याच्याजवळ आली. आपलं काय चुकलं तेच समजलं नाही म्हणाली. चूक नव्हती असं तिनं म्हटलं नाही, आणि तिथंच त्याला वाट सापडली. तुझा डावा हात ढिला पडतो, त्यानं सांगितलं. पिशवीवर दाब धरून राहत नाही. बिरदेव पुढच्या बाकावरून ऐकत होता. त्यानंही लेकीला चार शब्द सुनावले.

त्यानंतर ती सरावाला आली नाही. डिसेंबरात सव्वीस जानेवारीची तयारी सुरू झाली, तेव्हा बिरदेव हातात फोन घेऊन नानासोच्या अंगणात आला. लेक रोज सकाळी कामावर जायच्या आधी सांगलीतली तीच संथ धून वाजवते, खोलीच्या मालकिणीनं दोनदा बोल लावला तरी वाजवते, असं त्यानं सांगितलं. तिनं वाजवलेलं फोनमध्ये भरून पाठवलं होतं.

"तूच ऐक," बिरदेव म्हणाला. "कुठं ढिलं पडतंय तेवढं सांग. ती तुझ्या शब्दावर अडून बसलीया."

नानासोनं फोन कानाला लावला. संथ धून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजली. एवढा भरलेला, एवढा सरळ सूर त्यानं पलटणीतही क्वचित ऐकला होता. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर निदान अर्धं तरी निभावलं असतं. पण समोर बिरदेव आशेनं बघत बसलेला. नानासोच्या तोंडून गेलं, "सुधारलंय. पर अजून थोडं ढिलं हाय."

बिरदेवनं मान हलवली आणि तिथंच बसून लेकीला तसं कळवलं.

त्यानंतर नानासोला अन्न गोड लागेना. भाकरी पुढ्यात आली की त्याला लोणंदची ती खोली दिसायची, आणि एक पोरगी नसलेली चूक शोधत बसलेली. चौथ्या दिवशी त्यानं सकाळची एसटी धरली.

पल्लवी कुठंतरी खांबावर असेल, वाट बघावी लागेल, असा त्याचा हिशोब होता. पण ती कचेरीतच होती, खिडकीशी बसून लोकांच्या तक्रारी लिहून घेत होती. त्याला बघून लगबगीनं उठली, बाहेर चहाच्या टपरीवर घेऊन गेली. खांबावरचं काम सुटलं का, असं त्यानं विचारलं. तिनं सांगितलं, साहेबांना विनंती करून तिनंच खालचं काम मागून घेतलं होतं. डावा हात ढिला पडतो हे कळल्यापासून खांबावर चढताना ती अर्ध्यावरूनच खाली उतरायला लागली होती. ज्या हातावर सगळा भार टाकायचा, तोच दगा देईल असं वाटायचं. दोन डॉक्टरांना दाखवलं. हाताला काही झालेलं नाही असं दोघंही म्हणाले, तरी भीती जाईना.

चहा आला होता. नानासोनं कप उचलला नाही.

"पल्लवी," तो म्हणाला, "सांगलीत तू चुकली न्हाईस. माझा दम तुटला. त्यो आवाज माझ्या पाईपचा हुता."

तिनं हातातला कप खाली ठेवला. "तुमाला तवाच कळलं हुतं, आबा?"

"व्हय."

"आन् परवा फोनवर ऐकलं, तवा?"

"तवाबी."

ती रडेल, नाहीतर चार माणसांत त्याला वाटेल ते बोलेल, अशी त्याची तयारी होती. तिनं आपल्या डाव्या हाताकडं पाहिलं. मूठ मिटली, उघडली. मग इतक्या हलक्या आवाजात बोलली की त्याला पुढं वाकावं लागलं.

"ह्ये मला एकटीला सांगून भागत न्हाई. पाईप तुमी सगळ्यांम्होरं ठेवायला लावला हुता."

तू पण ये, तुझ्यासमोर सांगतो, असं तो म्हणाला. ती नाही म्हणाली. तुमचं तुम्हीच सांगा, मी तिथं असले तर लोक माझ्याकडं बघतील. एवढं बोलून ती कामावर निघून गेली. चहाचे पैसे तिनंच दिले होते, हे त्याला नंतर टपरीवाल्याकडून कळलं.

रविवारी सराव सुरू व्हायच्या आधी नानासो रांगेसमोर उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. दोन वर्षांपासूनची बुचं, उन्हाची सबब, सांगली, फोन. मध्येच धाप लागली म्हणून थांबावं लागलं. पण त्या धापेची कुणाला कीव येऊ नये असं वाटून त्यानं तोंड फिरवलं. बिरदेवचा चेहरा आधी गोंधळलेला होता, मग दगडासारखा झाला.

"माझ्या हातातला फोन तू कानाला लावलास," तो म्हणाला. "मग तुझ्या तोंडातनं त्यो शब्द फुटला कसा रं?"

बिरदेवनं गळ्यातला ड्रम उतरवून खाली ठेवला आणि तो घराकडं चालू लागला. बाकीचे थोडा वेळ घुटमळले, मग एकेक करून तेही पांगले. त्या दिवशी सराव झाला नाही.

पुढच्या आठवड्यात देवळात बैठक झाली. नानासोला बोलावणं नव्हतं. पल्लवी लोणंदहून आली होती, असं त्याला नंतर समजलं. मेजर तूच हो म्हणून सगळ्यांनी तिला गळ घातली, पण तिनं यंदा नको म्हणून सांगितलं. आधी परत खांबावर चढायचं, मग बाकीचं बघू. तोवर बिरदेवनं सांभाळावं असं ठरलं. नानासोसाठी निरोप आला तो एका ड्रमवाल्याकडून. त्यानं रांगेत उभं राहायचं नाही. नव्यानं आलेल्या तीन मुलींना शाळेच्या पडवीत शिकवायचं. शिकायच्या नळीला पिशवी नसते, तिला फारसा दम लागत नाही. हेही पल्लवीनंच सुचवलं होतं. ते ऐकून त्याला आणखी मान खाली घालावीशी वाटली.

सव्वीस जानेवारीला तो तालुक्याच्या मैदानावर लोकांत उभा राहिला. मेजर व्हायला नाही म्हणाली होती, तरी उजव्या टोकाला बिरदेवनं पल्लवीलाच उभं केलं होतं. बँडनं संथ धून धरली आणि ती मैदानभर पसरली. ओळखीच्या एकानं त्याला पुढं खुर्चीत बसायचा आग्रह केला, बँड तुमचाच म्हणून. तो आहे तिथंच उभा राहिला. परतताना बिरदेव समोरून आला. इतकी वर्षं अरे-तुरे करणारा तो गडी बाजूला झाला आणि म्हणाला, "या मेजर, तुमी व्हा म्होरं."

दर रविवारी तो पडवीत बसतो. मुली नळीवर बोटं फिरवतात. परवा त्यांतली मधली एकाच ठिकाणी तीनदा अडखळली. थांबून तिनं त्याच्याकडं बघितलं आणि विचारलं, "आबा, माझंच चुकतंय का?"

चूक तिचीच होती. तिसरं बोट उशिरा पडत होतं. पण तसं म्हणायला त्याची जीभ उचलेना. त्यानं तिला पुन्हा वाजवायला सांगितलं, मग आणखी एकदा, आणि डोळे मिटून ऐकत राहिला.