एकदा वाजलं की सोडायचं

फोरमनना निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, तरी इमारतीत सगळे त्यांना फोरमनच म्हणत, आणि त्यांना ते आवडत असे. छापखान्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. तिथे त्यांना आणखी एक नाव होतं, कानसेन. एखादं मशीन कुरकुरायला लागलं की ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगाला लावायचे, मूठ कानाला, आणि डोळे मिटून सांगायचे, "तिसऱ्या रोलरचं बेअरिंग. आठवडाभर काढेल." आठवड्याने बेअरिंग जायचं आणि नवे कामगार फोरमनकडे वैद्याकडे बघावं तसं बघायचे.

हा कान आता गेला होता. पूर्ण नाही, माणसांचं बोलणं नीट कळायचं. बारीक, उंच आवाज तेवढे गायब झाले होते. मायक्रोवेव्ह पिप-पिप करून थकायचा आणि फोरमन त्याच्यासमोर ताटकळत उभे असायचे. पस्तीस वर्षं मशीनच्या कुशीत उभं राहिल्यावर एवढं व्हायचंच, त्यात लाजण्यासारखं काय होतं? पण कानसेन म्हणवून घेतलेल्या माणसाला ते कबूल करणं जिवावर येतं. त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही, आणि नेमकं तिलाच सांगायला हवं होतं.

बायको शाळेत जीवशास्त्र शिकवायची, म्हणून ती सगळ्यांची बाई. इमारतीमागे पूर्वी तळं होतं. बाई रोज सकाळी मागच्या गॅलरीत माइक लावून बसायच्या आणि तळ्यावरच्या पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करायच्या. असं नऊ वर्षं. संध्याकाळी हेडफोनची एक बाजू स्वतःच्या कानाला आणि दुसरी नवऱ्याच्या कानाला लावून विचारायच्या, "ऐकलंत?" फोरमन डोळे मिटून मान डोलवायचे. सुरुवातीची काही वर्षं ती मान खरी होती.

दोन वर्षांपूर्वी तळं बुजवून तिथे गाड्या लावायची जागा केली आणि पक्षी उडून गेले. निवडून ठेवलेली अकराशेवर रेकॉर्डिंग्ज मात्र राहिली. लेकीने आणून दिलेल्या एका काळ्या डब्यात ती ठेवलेली होती. डबा राउटरला जोडलेला असायचा आणि घरातल्या कॉम्प्युटरवरून उघडायचा. आत दोन डिस्क, एकीवर जे लिहिलं जाईल तेच दुसरीवर. "तरीही एक कॉपी घराबाहेर ठेवा हं बाबा," लेक म्हणाली होती. "ठेवू की," फोरमन म्हणाले, आणि ते 'ठेवू' वर्षानुवर्षं तसंच पडून राहिलं.

या महिन्यात बाईंना एका संग्रहालयाचं पत्र आलं. बुजलेल्या तळ्यांवरचे आवाज ते जमवत होते. बाईंची सगळी रेकॉर्डिंग्ज त्यांना कायमची जपून ठेवायची होती, शुक्रवारपर्यंत पाठवा म्हणाले. बाईंनी ते पत्र नवऱ्याला चार वेळा वाचून दाखवलं, आणि चौथ्या वेळी त्यांचा आवाज पहिल्यापेक्षा जास्त कापत होता.

मंगळवारी सकाळी कॉम्प्युटरने स्वतःला अपडेट करून घेतलं आणि डब्याला ओळख दाखवायची बंद केली. पडद्यावर डब्याचं चित्र दिसायचं, त्यावर लाल फुली. बाईंना दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. चपला घालता घालता त्या म्हणाल्या, "मी येईपर्यंत हात लावू नका हं त्याला."

"अगं, आयुष्यभर मशीनंच उघडली मी."

"म्हणूनच सांगतेय," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

फोरमननी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग राउटर. मग डबा. मग तिन्ही एकदम. लाल फुली ढिम्म हलली नाही. शेवटी त्यांनी दुसऱ्या गावात नोकरी करणाऱ्या लेकीला फोन लावला.

"डब्याचा दिवा कसला आहे, बाबा?"

"हिरवा."

"मग डबा ठणठणीत आहे. कॉम्प्युटर काय म्हणतोय ते वाचा."

फोरमननी चष्मा चढवून वाचलं. सुरक्षेच्या नियमांमुळे पाहुणा म्हणून प्रवेश देता येत नाही, अशा अर्थाचं काहीतरी होतं.

"हां, आलं लक्षात," लेक म्हणाली. "घरच्यांना पासवर्ड कशाला, म्हणून आपण डब्यात पाहुणा म्हणून शिरत होतो. नव्या अपडेटने पाहुण्यांना बंदी घातलीय."

"म्हणजे माझ्याच घरात मी पाहुणा?"

"सहा वर्षं आहात. कॉम्प्युटरला आज कळलं, एवढंच." लेक हसली. "आता तुमच्या नावाचं खातं उघडून द्यायचं, पाच मिनिटांचं काम आहे. फक्त डब्याचा मुख्य पासवर्ड सांगा. तो तुम्हीच ठेवला होतात."

इथे घोडं अडलं. फोरमननी छापखान्यातला आपला नंबर टाकून पाहिला, लेकीचा वाढदिवस टाकून पाहिला, लग्नाची तारीख टाकून पाहिली.

"तारीख बरोबर टाकलीत ना?"

"म्हणजे काय!" फोरमन म्हणाले. दोन वेगवेगळ्या टाकल्या होत्या, हे त्यांनी सांगितलं नाही.

"राहू दे. मागे एक बारीक भोक आहे, आत बटण आहे. पिन घालून दाबून धरा. चारेक सेकंदांनी डबा एकदा वाजेल. वाजला की लगेच सोडायचं. तेवढ्याने फक्त पासवर्ड पुसला जातो, बाकी कशाला धक्का लागत नाही. पण धरून ठेवलंत तर दहा सेकंदांनी दुसऱ्यांदा वाजेल, आणि मग सगळंच जाईल. डबा कोरा करकरीत. कळलं ना? एकदा वाजलं की सोडायचं."

"कसा वाजेल?"

"बारीकसं पिप. मायक्रोवेव्हसारखं."

फोरमनची नजर स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हकडे गेली.

"बाबा? आई आहे का जवळ? ती आल्यावर करू या का?"

"पिप ऐकायला दोन माणसं लागतात का?"

"मग फोन चालू ठेवा, मी पण ऐकते."

या माणसाचा इथे राग येतो. एवढी सोपी वाट समोर होती. फोन टेबलावर ठेवायचा, लेक 'सोडा' म्हणाली की सोडायचं, शुक्रवारी आवाज संग्रहालयात पोचले असते आणि कानांची झाकली मूठही तशीच राहिली असती. पण त्यांच्या मनात आलं, लेकीला ऐकू आलं आणि आपल्याला आलं नाही, तर? ती विचारेल, "बाबा, वाजलं ना?" आणि आपण काय सांगणार?

"दोन्ही हात लागतात मला," ते म्हणाले. "झालं की लावतो फोन." आणि त्यांनी तो बंद केला.

अर्थात त्यांची युक्ती ठरलेली होती. त्यांनी खणातून जुना लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक डब्याच्या अंगाला टेकवलं आणि मूठ कानाच्या हाडाशी धरली. दुसऱ्या हाताने पिन भोकात घातली आणि दाबली. शिवाय मनात चार मोजायचे, म्हणजे चूक व्हायला नको.

चार मोजून झाले. आवाज आला नाही. बटण दाबलंच गेलं नसेल, असं त्यांना वाटलं, कारण पिन जरा वाकत होती. त्यांनी ती आणखी आत रेटली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. मुठीतून पंख्याची घरघर येत होती, तिच्याखाली दोन डिस्क फिरताना ऐकू येत होत्या. एकसारख्या, कुठे डगमग नाही. इतकं स्वच्छ ऐकून किती वर्षं झाली होती! जाड आवाज हाडातून अजून पोचत होते. कान परत आल्यासारखं वाटलं त्यांना, आणि त्या सुखात ते पिप व्हायची वाट बघत राहिले.

मग डिस्कचा आवाज बदलला. घाईघाईने काहीतरी खरवडल्यासारखा झाला. त्याच वेळी दारात बाई उभ्या होत्या, किल्ली अजून कुलपातच होती.

"अहो, काय वाजलं ते?" त्या म्हणाल्या. "दोनदा वाजलं."

फोरमननी स्क्रूड्रायव्हर कानापासून काढला. त्यांनी पिन टाकली आणि डब्याची वायर उपटली. मशीन बिघडलं की आधी वीज तोडायची, एवढंच हातांना माहीत होतं.

"पिन अडकली गं," ते म्हणाले. "सुटेचना."

डबा दुरुस्तीवाल्याकडे गेला. दोन दिवस बाई एक शब्दही वाकडा बोलल्या नाहीत. उलट त्यांना लेकीला फोनवर दटावताना फोरमननी ऐकलं, "बाबांना काही बोलायचं नाही हं. पिन अडकली, त्याला ते काय करणार? आधीच जिवाला लावून घेतलंय." हे ऐकून फोरमनना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुरुवारी सकाळी दुरुस्तीवाल्याने डबा परत दिला. "काका, डिस्क चांगल्या आहेत. पण हा डबा सगळं कुलूप लावून लिहितो, आणि पुसायची वेळ आली की पहिली फेकतो ती किल्ली. आवाज आत आहेत म्हणा ना. कोणाला उघडता यायचे नाहीत. तुम्हालाही नाही, मलाही नाही." दुरुस्तीवाल्याने स्टूल पुढे केलं, पण फोरमन बसले नाहीत.

घरी येऊन त्यांनी बाईंना सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, आत जाऊन तोंड धुतलं आणि एक कोरी वही घेऊन बाहेर आल्या.

"बसा इथे," त्या म्हणाल्या. "संग्रहालयातल्या बाईंशी कालच बोलून ठेवलंय मी. त्या म्हणतात, आवाज नाहीत तर टिपणं तरी पाठवा. कोणता पक्षी, कुठल्या महिन्यात, कसा ओरडायचा, जेवढं आठवतंय तेवढं. मी म्हटलं, आम्ही दोघांनी मिळून ऐकलंय सगळं. माझं मन विसरेल, पण यांचा कान विसरायचा नाही."

फोरमन बसले.

बाईंनी वहीत तारीख घातली. खंड्या, बगळे, पाणकोंबड्या, भराभर लिहीत गेल्या. यातले बरेच फोरमनना खरोखर आठवत होते, जुन्या दिवसांतले, आणि त्यांनी दोन-तीन गोष्टी बरोबर सांगितल्याही. बाईंच्या चेहऱ्यावर दोन दिवसांनी जरा रंग आला.

"आता वटवट्या," बाई म्हणाल्या. "शेवटच्या तीन वर्षांत यायचा तो. त्याचं तुम्हीच सांगा."

"मी काय सांगू?"

"असं काय करता? तुम्हीच नाही का म्हणालात, हा तिसऱ्या सुरावर घसरतो म्हणून? किती हसलो होतो आपण. मला ते काही कळायचं नाही. म्हणून मी पुन्हा पुन्हा त्याच्यामागे लागले, मला पण ऐकू यावं म्हणून. सतरा वेळा रेकॉर्ड केला त्याला. वर घसरायचा की खाली?"

फोरमनना तो प्रसंग आठवला. हेडफोनमध्ये नुसती शांतता होती, बाई आशेने बघत होत्या, आणि काहीतरी जाणकारासारखं बोलायला हवं होतं. म्हणून ठोकून दिलं होतं. 'खाली' म्हटलं असतं तर आताही निभावलं असतं. बाईंनी लिहूनही घेतलं असतं, आणि ते संग्रहालयात गेलं असतं, कायमचं.

"मला ऐकू येत नव्हता तो," फोरमन म्हणाले.

"त्या दिवशी?"

"कधीच नाही. बारीक आवाज येत नाहीत मला. पाच-सहा वर्षं झाली. पिन अडकली नव्हती. डबा वाजला ते मला कळलंच नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मग रोज संध्याकाळी डोळे मिटून मान डोलवायचात, ते?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

"मला सांगितलं असतंत तर मी जाड आवाजाचे निवडून ऐकवले असते तुम्हाला," बाई म्हणाल्या. "बगळे होते, पाणकोंबड्या होत्या. बेडूक होते. तुम्हाला आवडला म्हणून मी वटवट्याच्या मागे होते. तळं जायच्या आधीचा शेवटचा आठवडा मी त्याच्यावर घालवला."

चुकलो, एवढंच फोरमन म्हणाले.

बाईंनी वही मिटली. त्या चिडल्या नव्हत्या, चिडल्या असत्या तर फोरमनना धीर आला असता.

"आवाज गेले, ते तुमच्या हातून झालं," त्या म्हणाल्या. "त्याचं मला काही नाही. हे मात्र तुम्ही केलंत."

एवढं बोलून त्या मागच्या गॅलरीत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. फोरमन टेबलाशी बसून राहिले. पलीकडे त्या रडत असतील की नुसत्याच उभ्या असतील, हे त्यांना बसल्या जागेवरून ऐकू येत नव्हतं, आणि उठून विचारायला जायची आज त्यांची हिंमत झाली नाही.