दोनदा म्हणायची रीत

माही पोरगी नीलम अमेरिकेत पोट्ट्यायले हिंदी बोलाले शिकवते. मास्तरीण नाही, मास्तरणीच्या हाताखालची. मोठी मॅडम व्याकरण शिकवते अन् हिनं त्या पोट्ट्यायसंग चहा पीत हिंदीत गप्पा मारायच्या. गप्पा मारायचा पगार भेटते हे ऐकून मी म्हटलं, मंग आपल्या शेजारच्या बेबीताईले पाठवा, थ्या कॉलेजची मालकीण होऊन येईन.

नऊ महिन्याचं काम होतं. त्याच्या आंधी ती अकोल्याच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवत होती. रोज सकाळी बडनेऱ्याहून गाडी, संध्याकाळी वापस, अन् घरात पाय टाकला की चपला काढायच्या आंधी, आई, जेवाले दे. आता सकाळी साडेसहाले तिचा फोन येते, तवा तिकडं रात झाली असते. नीलमचे बाबा फोन पाण्याच्या जगाले टेकवून ठेवतात अन् आमी दोघं त्याच्यासमोर फोटो काढाले बसल्यासारखे बसतो.

पहिल्याच आठवड्यात पोरगी फोनवर रडली. मोठ्या मॅडमनं तिले घरी जेवाले बोलावलं होतं. बाई भली, काही वाईट नाही. तिनं भाताचं भांडं पुढं करून इचारलं, आणखी घेतं काय? आमची शहाणी म्हणे, नको नको, पोट भरलं. झालं. बाईनं भांड्यावर झाकण लावलं अन् सरळ फ्रिजात ठेवून देलं. नीलम अर्धपोटीच खोलीवर गेली अन् बिस्किटं खाऊन झोपली.

"आई, तिनं दुसऱ्यांदा इचारलंच नाही," म्हणे.

आमच्या वऱ्हाडातली रीत हाये. पहिल्यांदा इचारलं तं नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नकोच, पण जरा हळू. तिसऱ्यांदा वाढणारी पाहुण्याचा ताटावरचा हात बाजूले सारते अन् वाढते. पहिल्याच बोलीत हो म्हणणारा हावरट, अन् पहिल्याच नकोवर भांडं उचलणारा कंजूष. मोझरीच्या माह्या नणंदेले एकदा घाईत मी एकदाच "राहा" म्हटलं होतं, तं तिनं दोन वर्षं आमच्या घराचं तोंड पाह्यलं नाही.

मी नीलमले झापलं. म्हटलं, येडपट, तिकडं आपले नखरे चालत नाही. भूक लागली तं पहिल्याच बोलीत हो म्हण. त्यायचं हो म्हणजे हो अन् नको म्हणजे नको.

पोरगी हुशार, शिकली. बर्फ पडेपर्यंत तिचं सारं बस्तान बसलं. जाडा कोट घेतला, बसचे रस्ते पाठ झाले. तिच्या वर्गातले गोरे पोट्टे एकमेकायले "आप कैसे हैं" इचारून खिदळतात, थे तिनं मले फोनवर ऐकवलं. मी हासली. फोन ठेवला अन् घर खायले उठलं. चौदा एप्रिलच्या जयंतीले सारा मोहल्ला निळा झाला होता, डीजेनं खिडक्या हालत होत्या, अन् मी तिच्या खोलीत तिच्या ओढण्यायच्या घड्या घालत बसली होती.

जयंती झाली अन् आठ-पंधरा दिवसानं तिनं फोनवर सांगतलं, काम मे महिन्यात संपते. मॅडम आणखी एक वर्ष राहा म्हणते, पण मंग उन्हाळ्याचा वर्गही घ्यावा लागन, अन् तो घेतला तं पुढच्या मेपर्यंत घरी येता येणार नाही. मंग इचारलं,

"आई, नाही म्हणून सांगू काय? घरी येऊ?"

माह्या पोटातून "ये" निघालं होतं. तोंडातून काय निघावं? "नको वं बाई, कायले येतं? इथं आग पडून राहिली, पंचेचाळीसच्या वर गेलं. तू आपलं काम पाह्य."

अन् मी थांबली. आता ती म्हणन, नाही आई, मी येतोच. तिनं म्हटलं, "बरं." मंग कूलर लावला काय इचारलं अन् फोन ठेवला.

मी नीलमच्या बाबावर उखडली. म्हटलं, पाह्यलं, पोरगी तिकडची झाली, मायचा नकोही तिले समजत नाही. ते म्हणे, "मनकर्णा, तूच तं शिकवलं, नको म्हणजे नको." खरं बोलणाऱ्या माणसाचा मले लय राग येते.

त्याच्यानंतर चार दिवस तिचा फोन येत राहिला. मी आपली हो, बरं, ठीक. अंगणवाडीत तीस वर्षं काढली, सुपरवायझरबाई माह्या तोंडाले भीत होती. कोणासाठी काही मागाचं असन तं मी कलेक्टरलेही सोडणार नाही. पण स्वतःसाठी मागाची वेळ आली की जीभ टाळ्याले चिकटते. माह्या मायची बी चिकटत होती.

पाचव्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. खीर हालवता हालवता माहा हात थांबला. गॅस बंद केला अन् मीच फोन लावला. तोपर्यंत मी तिले कधी स्वतःहून फोन केला नव्हता.

"नीलम, घरी ये. मले तुह्याबिगर करमत नाही."

मंग ती बोलली.

"आई, मी आज सही करून देली."

मी म्हटलं, उद्या जाऊन नाही म्हणून सांग. ती म्हणे, आई, त्यायनं माह्या जागी येणाऱ्या दुसऱ्या माणसाले नाही म्हणून कळवलंही, आता नाही होत.

"चार दिवस कागद बॅगमधी ठेवला होता," ती म्हणे. "तुले रोज फोन करत होती. मले वाटे, आज तरी आई म्हणन."

मी चिडली. म्हटलं, मंग तूच काहून नाही म्हटलं, येतो म्हणून?

"तू नको म्हटलं होतं ना. मी पहिल्यांदा इचारलं होतं. दुसऱ्यांदा 'ये' म्हणायची पाळी तुह्यी होती, आई."

इतके दिवस मी बोंबलत होती की पोरगी बदलली. पोरगी तिळभर बदलली नव्हती. तिकडच्या बाईसमोर ती पहिल्याच बोलीत हो म्हणाले शिकली, पण मायसमोर ती आपल्या घरातल्यासारखीच थांबली, अन् मी तिले परकी समजून चार दिवस तोंड फुगवून बसली.

त्या दिवशी दोघीही रडलो. नीलमच्या बाबानं फोन हातात घेतला, जेवली काय इचारलं अन् परत माह्या हातात देला. खीर तशीच राहिली, मंग बेबीताईच्या घरी देली.

आता रोज फोन ठेवायच्या आंधी मी तिले म्हणते, ये. तिले मालूम हाये की येता येत नाही, मलेही मालूम हाये. तरी मी म्हणते, अन् ती हो म्हणते.