तलवारीतले सहाजण

कमांडर दत्तोजीरावांनी लढाईत शत्रूची बोट बुडवली, तेव्हा पिरियापट्टणच्या तंबाखूवाल्यांनी हार घालून त्यांना तलवार भेट दिली. मुठीला सोन्याचं पाणी, पात्यावर कोरलेली बुडती बोट. कारागिराने समुद्र कधी पाहिलाच नव्हता. लाटा त्याने भाताच्या रोपांसारख्या ओळीने लावून टाकल्या होत्या. माणूस मात्र एकही कोरला नव्हता.

पात्यावरच्या लाटांत पहिलं डोकं पुढच्याच आयुधपूजेला दिसलं. आता सहा होती, आणि दर वर्षी बोटभर मुठीकडे सरकत होती.

दत्तोजीराव तलवारीला शिवत नसत. चिंचेने घासायचं काम भागीरथीबाईंचं. यंदाही बोगादीतल्या आपल्या घरात त्यांनी स्कूटर, मिक्सर आणि पाटावर तलवार अशी रांग मांडून सगळ्यांना कुंकू लावलं.

"अहो, पुढच्याचा हात मुठीला लागला की. इतकी वर्षं पोहतायत, कोण आहेत ते तरी सांगा."

दत्तोजीरावांनी पेपराची घडी केली. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"बोट बुडाल्यावर सहाजण पाण्यात होते. हात वर करून. मी जहाज वळवलं नाही."

"मग आता वळवा."

"आता कसं?"

"ते मी सांगू? कमांडर तुम्ही."

दत्तोजीराव पाटासमोर बसले. उजवा तळवा पात्यावर टेकवला. गार, ओल्या बोटांनी तो घट्ट धरला. त्यांनी ओढलं, खांद्यात कळ आली.

"एक," भागीरथीबाई म्हणाल्या आणि टॉवेल आणायला गेल्या.

पाचव्याच्या वेळी टॉवेल संपले. त्याला टेबलावरची चादर मिळाली. स्कूटरच्या चाकाखालचं लिंबू खाऱ्या पाण्यात तरंगत मिक्सरपाशी गेलं.

सहावा तळव्यापासून दोन बोटांवर येऊन थांबला. हात देईना.

"ये रे," दत्तोजीराव म्हणाले. मग जरा वेळाने, "या."

तो नुसता बघत राहिला.

"पूजेतली तलवार उद्यापर्यंत हलवायची नाही," भागीरथीबाई म्हणाल्या. "तुम्हीही सुम्ने, गुमान बसा, हात काढू नका."

त्यांनी सात पानं वाढली. नवऱ्याचा उजवा हात अडकलेला, म्हणून स्वतःच त्याला घास भरवायला बसल्या. दत्तोजीरावांनी तोंड उघडलं नाही.

समोर पाचजण निथळत बसले होते. भाताला कोणीच हात लावला नव्हता. सगळे दत्तोजीरावांच्या तळव्याकडे बघत होते.