चंदूला सावकाश कळवायचं

बायको मालन गेली हे सहदेवला इस्पितळाच्या जिन्यात कळलं. सकाळी पेजेचा डबा घेऊन तो वर चढत होता, तर वॉर्डातला एक नोकर खाली येत होता. त्याने सहदेवला ओळखलं आणि विचारलं, "बॉडी कधी नेणार?" त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं. याला वरून कळवून झालं असेल, असंच त्याला वाटलं होतं. सहदेव डबा मांडीवर घेऊन पायरीवरच बसला. माणसं त्याला वळसा घालून येत-जात राहिली.

पुढचं सगळं भावकीने आणि घाटकोपरच्या भटवाडीतल्या शेजाऱ्यांनी उरकलं. मुलगा हजर नव्हता म्हणून अग्नी सहदेवनेच दिला. मुलगा चंद्रप्रकाश, घरातला चंदू, मालवाहू बोटीवर इंजिनखोलीत कामाला होता आणि बोट भर समुद्रात होती. स्मशानातून परतताना मालनचा भाऊ लवू म्हणाला की आजच कळवून टाकू, दहाव्याला पोरगा हवा. सहदेव हो म्हणाला नाही. परक्या माणसांत, त्या इंजिनाच्या धडधडाटात कुणीतरी पोराच्या हातात कागद ठेवणार आणि एका ओळीत त्याची आई जाणार. जिन्यात आपल्यावर जे कोसळलं ते चंदूवर कोसळू द्यायचं नाही, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं.

गावाकडे हीच रीत. माणूस गेलं तरी तारेत नुसतं 'सीरियस' येतं, बाकीचं एसटीतून उतरून घरी पोचेपर्यंत वाटेवरच्या लोकांच्या तोंडावरून कळत जातं. पण चंदू याच रीतीत वाढलेला. 'सीरियस' वाचलं की तो काय ते समजणार. म्हणून त्याहून मऊ शब्द हवे होते, आणि ते इंग्रजीत हवे होते, कारण बोटीवर निरोप जायचा तो कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसातून, वायरलेसने.

शेजारच्या जयंतीबाई शाळेत इंग्रजी शिकवायच्या. सहदेवने त्यांना विचारलं, एखादी गोष्ट हळूहळू होते हे इंग्रज माणूस कसं सांगतो?

बाईंनी आधी विचारलं, कुठली गोष्ट? त्यांच्यात त्याचेही प्रकार आहेत. थोडं थोडं साठतं किंवा सरतं ते 'लिटल बाय लिटल'. रोजच्या रोज फरक पडत जातो ते 'डे बाय डे'. एक झालं की मग दुसरं, ते 'स्टेप बाय स्टेप'. आपल्या नकळत बदलत जातं ते 'ग्रॅज्युअली'. आणि उशिरा पण नक्की होणार, त्याला 'स्लोली बट शुअरली'. हा शेवटचा सहदेवला पटला. बाई म्हणाल्या, तो बहुतेक चांगल्या गोष्टीला लावतात. घर उभं राहतंय, पोरगं मार्गाला लागतंय, अशाला.

"मग मरणाला कुठला?"

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "जो मरतोय त्याला यातला एखादा लागेल, सहदेवभाऊ. वहिनी गेल्यात. होऊन गेलेल्या गोष्टीला हळूहळू म्हणता येत नाही. आपल्यातसुद्धा नाही."

तो उठला नाही. बाईंनी चहा ठेवला, तो प्यायला, तरी बसून राहिला. शेवटी बाईंनी नाइलाजाने लिहून दिलं, की आई आजारी आहे, डे बाय डे अशक्त होते आहे. कागद देताना मात्र त्यांनी बजावलं, पुढचं लिहायला माझ्याकडे येऊ नका.

सहदेवने मनात तीन टप्पे आखले होते. आधी अशक्त, मग जास्त, मग गेली. मधे थोडे थोडे दिवस. तो बसने अंधेरीला गेला. ऑफिसातल्या अंबादासने कागद वाचून विचारलं, "पण बऱ्या होतील ना काकू?"

"बघू," सहदेव म्हणाला आणि खाली मान घालून बाहेर पडला.

दुसरा टप्पा त्याने दुसऱ्या एकाकडून लिहून घेतला. तो घेऊन पुन्हा गेला, तर अंबादासने हसून खुर्ची पुढे केली. चंदूचं उत्तर आलं होतं. त्याने कॅप्टनच्या हातापाया पडून परवानगी काढली होती, बोट कोलंबोला लागली की उतरून तो विमानाने येणार होता. आईला सांगा मी येतोय, तेवढा धीर धरायला सांगा, असा निरोप होता.

सहदेवच्या हातातला कागद चुरगळला. "त्याला आत्ता कळवा," तो म्हणाला. "ती गेली म्हणून कळवा."

"काय सांगता? कधी?"

"पहिला कागद दिला त्याच्या आधीच."

अंबादासने समोरची वही मिटली. मग हळू आवाजात म्हणाला, "काका, तो काल उतरला बोटीवरून. आता कुणाच्या हातात देऊ निरोप? उद्या दुपारी तो सहारच्या विमानतळावर असेल."

घरी आल्यावर लवूला सगळं सांगावं लागलं. लवू भडकला नाही, तेच सहदेवला जड गेलं. तो एवढंच म्हणाला, "भावजीनू, झिलाक असो लटकत ठेवलात तुम्ही. उद्या मी येतंय, मी सांगतंय." सहदेव म्हणाला, "नको. माझ्या पोराला मीच सांगेन."

दुसऱ्या दिवशी चंदू विमानतळातून जवळजवळ धावतच बाहेर आला. बापाच्या पाया पडला आणि लगेच टॅक्सीला हात केला. आत बसताच म्हणाला, "थेट इस्पितळात जाऊ. आत्ता आत सोडतात ना?"

"आधी घरी जाऊ. अंघोळ कर."

"अंघोळ नंतर. बोलते का ती?"

सहदेवने सुरुवातीपासून धरलं. तू गेल्यावर तिचे डोळे पिवळे झाले, गावठी औषध केलं, मग जेवण तुटलं, मग इस्पितळात घातलं. सगळं खरं होतं. ते त्याला साकीनाक्यापर्यंत पुरलं.

"मग?"

"मग अशक्त झाली."

"ते कळवलंत तुम्ही. आज कशी आहे?"

सहदेव रस्त्याकडे बघत राहिला. चंदूने त्याच्याकडे नीट पाहिलं. वाढलेली दाढी, खोल गेलेले डोळे. असल्फा आल्यावर टॅक्सीवाल्याने विचारलं, घाटकोपरमध्ये कुठे?

"हॉस्पिटल," चंदू म्हणाला.

सहदेवने पुढच्या सीटवर हात ठेवला. "भटवाडी."

टॅक्सी वळली. चंदूचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "बाबा, थोडं थोडं नको. काय असेल ते एकदम सांगा."

टॅक्सी भटवाडीच्या चढाला लागली. चाळीच्या तोंडाशी लवू उभा दिसत होता. चंदू बापाच्या तोंडाकडे बघत होता, आणि सांगायचं अजून राहिलंच होतं.